बाहेरून लावलेली कडी

मी कडी बोलतेय. लोखंडाची, वीतभर लांब. माझ्या बहिणी दारांना आतून लागल्या. माणसं त्यांना आपल्या हाताने ओढतात आणि निर्धास्त झोपतात. मला मात्र बाहेरून बसवलं.

मला आणलं एका सुताराने. त्याचा थोरला मुलगा छापखान्यात नुकता कामाला लागला होता. हळूहळू त्याला यंत्राच्या खडखडाटात स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं. मग यंत्र बंद असतानाही. डब्यात कुणीतरी काही कालवतंय, म्हणून तो उपाशी राहू लागला. आई म्हणाली, डॉक्टरला दाखवू. बाप म्हणाला, कामाचा ताण आहे, उतरेल. उगाच गावभर बभ्रा नको, धाकटीचं लग्न व्हायचंय. मग एकदा पोरगा भर रस्त्यात अनवाणी उभा राहून गाड्या अडवायला लागला, आणि बापाने मला त्याच्या खोलीच्या दाराला ठोकलं. स्क्रूची टोकं आतल्या बाजूला निघाली होती. पोराला ओरखडा उठू नये म्हणून ती त्याने कानशीने घासून बोथट केली. घासताना त्याने मान वर केली नाही.

पोरगा दार बडवायचा, मी हादरायचे. पुढे बडवणं थांबलं, तेव्हा घरच्यांना वाटलं, उतार पडला. तो दाराला पाठ लावून नुसता बसलेला असायचा, ते मलाच कळायचं. अशी वर्षं गेली. अखेर त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे सुया टोचून गुंगवून ठेवलं; त्याच्याशी चार शब्द कुणी बोललं नाही. परत आला तो ओंडक्यासारखा. गोळ्या थुंकून टाकायचा. पुन्हा मी होतेच.

मग एकदा जेवताना धाकटी हळूच म्हणाली, "नळातून बायका माझ्याबद्दल बोलतात."

बाप ताटावरून उठला आणि हत्यारांच्या पेटीकडे निघाला. आई आडवी आली. जन्मात तिने नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं.

"एकाला कोंडून पाहिलं," ती म्हणाली. "हिला कोंडायचं तर आधी मला कोंडा."

आजार नुकता सुरू झालेल्यांसाठी एक नवा दवाखाना निघाला होता. त्याच आठवड्यात आई तिला तिथे घेऊन गेली. तिथली नर्स घरी येऊ लागली. धाकटीशेजारी जमिनीवर बसून ती म्हणाली, "आवाज खरे की खोटे, यावर आपण भांडायचं नाही. तुला त्रास होतो, तो खराच आहे." गोळी कमी मात्रेने सुरू झाली. आईबापांनाही समोर बसवून आजार समजावला. आवाज गेले नाहीत, पण बारीक झाले. धाकटी पुन्हा शिवणाच्या दुकानात जाते, अर्धा दिवस.

नर्सने बंद दाराबद्दल विचारलं, तेव्हा बापाने भिंतीकडे तोंड फिरवलं. आईने मला सरकवलं. थोरल्यावरही नव्याने उपचार सुरू झाले. डॉक्टरांनी खोटी आशा दाखवली नाही: सुरुवातीलाच आणलं असतं, तर बरंच वाचलं असतं.

आता माझ्यावर गंज चढलाय. माझी एवढीच विनवणी आहे: घरातल्या कुणाला असे आवाज ऐकू यायला लागले, तर माझ्यासाठी दुकानात जाऊ नका. त्याला घेऊन दवाखान्यात जा, आणि लगेच जा.

थोरला अजून बाहेर येत नाही. दिवेलागणीला आतून म्हणतो, "आई, कडी लाव. त्याशिवाय झोप येत नाही."

आई मला धरून नुसतीच खडखडवते.

"लावली रे," ती म्हणते, आणि मला उघडीच ठेवून जाते.