कोठीतली डबी

आधीच सांगून टाकते, दिवा मी लावला व्हता. आन् डबी बी मीच आनली व्हती. मागनं लोकांनी वायरिंगला बोल लावला, खालच्या दुकानदाराला बोल लावला. त्यातलं काय बी खरं न्हाय. मी रंभाबाई, ऱ्हानार कुंभारी. केलंय मी, तर सांगनार बी मीच.

सोलापुरात सात रस्त्याजवळ एका दुकानावरच्या दोन खोल्यांत चन्नप्पा मास्तरांचा संग्रह व्हता. मास्तर शाळेतनं रिटायर झालेले, पर खरी नोकरी त्येंनी केली ती टेपांची. चाळीस वरसं खांद्याला मशीन अडकवून गावोगाव हिंडले. जात्यावरची गानी, धनगरांच्या ओव्या, गिरनी कामगारांचे मेळे, जत्रांची फिल्मची रिळं, काय न्हवतं तितं? बावीस वरसांपूर्वी मी झाडू मारायला म्हनून लागले. मला वाचता येत न्हाय. तरी डब्यावरच्या रंगीत ठिपक्यावरनं कुठली टेप कुटं हाय ते झोपंत सांगितलं असतं. मास्तरांनी मला टेप लावायला, पुसायला, उलटी गुंडाळायला शिकवलं. टेप अडकायला लागली की आवाज जरासा बदलतो, ते मास्तरांच्या आदी माज्या कानाला कळायचं. लई मिरवायची मी त्या कानाचं.

दोन वरसांपूर्वी मास्तरांनी समदं एका काळ्या डबीत भरून घेतलं. हार्ड डिस्क म्हनत्यात तिला, तळहाताएवढी असती. मूळ आन् नक्कल एका छपराखाली ठेवायची न्हाय, असं मास्तरांनी बजावलं. म्हनून डबी कुंभारीला माज्या घरी, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीत, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून.

माजा जीव अडकलेला तांबड्या ठिपक्याच्या टेपांत. त्या बिरप्पाआबांच्या. आबा सांगोल्याकडचे धनगर, जन्मभर मेंढरामागं हिंडलेले. देवाची मोठी ओवी सुरवातीपासनं शेवटापतूर येनारा तेवढा एकच मानूस उरला व्हता. नऊ टेपा भरल्या व्हत्या त्येंच्या. तीन वरसांपूर्वी आबांना लकवा झाला आन् वाचाच गेली. त्येंची नात ऋतुजा सोलापुरात नर्सिंग शिकती. ती दर रविवारी येऊन टेपंवरनं ओवी शिकायची, पुढच्या जत्रंत आबांच्या जागी उभं ऱ्हायचं म्हनून. वाचा शाबूत व्हती तवाच आबांनी अट घातलेली, देवाची ओवी फोनवर घ्यायची न्हाय, बाजारात वाजत फिरंल. पोरगी इमानाची. फोन चपलांजवळ ठिवून आत यायची. सहा टेपा पाठ झाल्या व्हत्या, तीन ऱ्हायल्या व्हत्या.

आन् दर दसऱ्याला आबा यायचे, सोनं द्यायला. आपट्याचं पहिलं पान टेपच्या मशीनला, दुसरं मास्तरांना, तिसरं मला. वाचा गेल्यापासनं मग हवेत बोट गोल गोल फिरवून दाखवायचे, म्हंजी टेप लाव. सोताचाच आवाज ऐकत दुपारपतूर बसायचे.

आता त्या खंडेनवमीचं सांगते. त्या दिवशी ज्येनं त्येनं आपापल्या हत्याराची पूजा करायची. शेतकरी कुळव धुतो, विनकर माग पुसतो, तशी मी टेपची मशीन पुसायची. मास्तरांचं म्हननं, फुलं वाहा, हळद-कुंकू लावा, पर दिवा लावायचा न्हाय, हितं समदं पेटनारं सामान हाय. बावीस वरसं ऐकलं मी त्येंचं. ह्या साली कुटनं दुर्बुद्धी सुचली कुनास ठाऊक. मनात आलं, इतक्या मानसांचा आवाज जिच्या पोटात हाय ती डबी वरसभर ज्वारीत पडलेली. खुरप्याला सुदिक कुंकू लागतं, तिला एक फूल न्हाय व्हय? सकाळी कोठी उघडली, डबी पिशवीत घातली आन् घिऊन आले. मास्तरांना सांगितलं न्हाय, ते नको म्हनले असते.

मास्तरांना साखरंचा तरास, ते येळंवर जेवायला घरी गेले. मी टेबलावर नवा टेरिकॉटचा कपडा हातरला. मशीन मधी ठिवली, शेजारी तांबड्या ठिपक्याच्या नऊ टेपा, फुडं डबी. झेंडू वाहिला, समई लावली. लई देखनं दिसत व्हतं, खोटं कशाला बोलू.

मग निवेदाचा शिरा घिऊन खालच्या दुकानांत वाटायला निघाले. दारातनं मागं फिरले, समई शांत करावी म्हनून हात बी फुडं केला. पर घट बसलेले, नवरात्रातला दिवा आपल्या हातानं कसा मालवायचा? हात मागं घेतला. खिडकी तेवढी लोटायला पायजे व्हती, ती बी इसरले.

दहा मिंटं लागली असतील, लई तर पंधरा. तिसऱ्या दुकानात व्हते तवर बसू नावाचा गडी वराडला. त्यो खालच्या इस्त्रीच्या दुकानातला. वर बघते तर खिडकीतनं काळा धूर. जिना कशी चढले आठवत न्हाय. दारातच झळ आली आन् भुवया करपल्या. कपाटातल्या टेपा वितळून खाली गळत व्हत्या, रिळं फुसफुसत पेटत व्हती. टेबल तर दिसतच न्हवतं. मी तशीच आत घुसत व्हते, बसूनं कंबरंला धरून मागं वडलं. त्येला मी चावले सुदिक. बंब आला, पानी मारलं आन् जे जळालं न्हवतं त्येचा चिखल झाला.

मास्तर रिक्षातनं उतरले. वर बघत ऱ्हायले. मला वाटलं, ह्ये आता खाली पडत्यात. तर त्येंनी येऊन माज्या डोक्यावर हात ठिवला.

"रडू नका, रंभाबाई," ते म्हनले. "मूळ गेलं, जाऊ द्या. डबी हाय की तुमच्या कोठीत."

कुनी तरी त्येंना खुर्ची दिली, पानी दिलं. ते येईल त्येला सांगत व्हते, नक्कल हाय, नक्कल हाय. बंबवाल्याला बी सांगितलं. माज्या देखत ऋतुजाला फोन लावला, भिऊ नगंस, रविवारी माज्या घरी ये, ओवी तुजी पुरी हुईल. वर म्हनले, ह्या आमच्या रंभाबाईमुळं वाचलं समदं. आन् मी तितंच उभी. जमीन पोटात घील तर बरं, असं झालं व्हतं.

"मास्तर, डबी वर व्हती," मी म्हनले.

त्येंना कळलंच न्हाय. हसऱ्या तोंडानंच माज्याकडं बघत ऱ्हायले.

"पूजंला आनली व्हती मी. दिवा बी मीच लावला."

शिव्या द्यायच्या व्हत्या त्येंनी, थोबाडीत मारायची व्हती. मी गाल फुडं करूनच उभी व्हते. त्येंनी नुसत्या पायातल्या चपला काढल्या आन् रस्त्याच्या कडंला मातीत बसले. फोन हातात तसाच व्हता, पलीकडनं ऋतुजा हॅलो हॅलो करत व्हती.

दुसऱ्या दिवशी दसरा. मास्तर अंथरुनाला खिळलेले. मी सकाळपासनं त्या जळक्या जिन्यावर बसून, घरी जायची लाज वाटत व्हती. अकराच्या सुमाराला आबा आले, ऋतुजाच्या खांद्यावर हात टाकून, दुसऱ्या हातात आपट्याची डहाळी. ऋतुजानं त्येंना वाटंतच समदं सांगितलं व्हतं. आबा वरच्या काळ्या भिंतीकडं बघत ऱ्हायले. मग माज्याकडं बघितलं आन् बोट गोल फिरवलं.

मी त्येंचं पाय धरलं. पयल्यापासनं समदं सांगितलं, डबी, कपडा, दिवा, खिडकी. त्येंनी ऐकून घेतलं आन् परत बोट फिरवलं. लाव.

ऋतुजा तितंच पायरीवर बसली आन् गायला लागली. सहावी टेप. गळा आबांचाच, जरा नाजूक एवढंच. मेंढरं रानातनं मान नदीच्या काठाला आली, नदीला पूर, पलीकडच्या काठावरनं देव हाका मारतोय. आबांचं डोळं मिटलेलं. पोरगी थांबली.

"फुडं काय हाय, मावशी?" ती म्हनली. "तुमी तर किती येळा ऐकलंय."

खरंच की. शंभरदा ऐकलंय मी. डोळं मिटून सातवी टेप कानात लावली. आदी खरखर झाली. मग आबा खोकले. लांब कुटं तरी एक मेंढरू वराडलं, कुनी तरी पितळी तांब्या खाली ठिवला. मग आबांचा आवाज चढला, उतरला, परत चढला. समदं सरळ, कुटं अडकलं न्हाय. पर त्यात शबूद एक बी न्हवता. बावीस वरसं मी टेप अडकतीया का तेवढंच ऐकलं. ओवी कवा ऐकलीच न्हाय.

"मला म्हाईत न्हाय गं," मी म्हनले.

आबांनी डोळं उघडलं. आपट्याचं पहिलं पान तोडून माज्या हातावर ठिवलं, आन् परत बोट फिरवायला लागले.