चाळीस म्हणजे चाळीस

दोन किलोमीटरवरची लोखंडी पाटी रायफलने वाजवायची म्हणजे पोरखेळ नव्हे, राव. गोळी वाटेत दहा-पंधरा मजले खाली येते, वारा तिला बसच्या लांबीइतकी बाजूला ढकलतो, आणि तो वाराही एक नसतो. इथे एक, मधल्या दरीत दुसरा, पाटीपाशी तिसराच. म्हणून या खेळाला माणसं दोन लागतात. एक नेम धरणारा, दुसरा दुर्बिणीतून वारा वाचणारा.

या जोडीत नेम सुनेचा आणि वारा सासूबाईंचा. लोक हसायचे. हसू देत. घरात साखरेचा डबा कुठे ठेवायचा यावरून दोघींचं रोज वाजायचं, पण रविवारी मैदानावर पालथं पडलं की अशा मैत्रिणी शोधून सापडल्या नसत्या. आठवडाभर शिलाई मशीनवर मान मोडताना सुनेला याच दिवसाची आस असे.

आणि तोच आता हातचा जाणार होता. वर्षभरात एकही गोळी लागली नव्हती. “आज नाही लागली तर दुर्बीण तुझ्या नवऱ्याकडे,” सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं. “माझे डोळे गेले.” नवरा तसा गुणी, पण तोंडाला विसावा म्हणून नाही. 

स्पर्धेत प्रत्येक जोडीला तीनच गोळ्या. “उजवीकडे चाळीस,” सासूबाई म्हणाल्या. रायफलवरच्या दुर्बिणीची चकती तेवढे खटके फिरवली की नेम तेवढा सरकतो. पण सून पडली शिंपीण. दुसऱ्याने घेतलेल्या मापावर तिने जन्मात कात्री चालवली नव्हती. शिवाय तिच्या नाकासमोरचा झेंडा मरगळून लोंबत होता. तिने तीस दिले. धूळ पाटीच्या डावीकडे उडाली.

“चाळीसच,” सासूबाई पुन्हा म्हणाल्या. सुनेने पस्तीस दिले. पुन्हा डावीकडे.

सासूबाईंनी मान वर केली. “पस्तीस वाजले. मी मोजले.”

“इथे वाराच नाहीये, आई. म्हणून जरा हात राखला.”

“नेहमीच राखतेस?”

आता खोटं तरी कशाला बोलायचं? “हो.”

“अगं बाई, म्हणजे वर्षभर मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे खेटे घालतेय ते तुझ्यापायी?”

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सासूबाई पोट धरून हसत होत्या. डोळे शाबूत निघाले, याहून मोठं बक्षीस त्यांना नकोच होतं. शेवटी पंचांनी घड्याळाकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे त्या पुन्हा दुर्बिणीला चिकटल्या.

“बेचाळीस.”

समोरचा झेंडा आता चक्क उलट्या दिशेला फडकत होता. सुनेने त्याच्याकडे बघितलं, आणि बेचाळीस दिले. एकही कमी नाही. श्वास सोडला, चाप ओढला.

एवढ्या लांब गोळी पोचायलाच तीन-चार सेकंद, आणि पाटीचा आवाज परत यायला त्याहून जास्त. तोवर खरं काय ते फक्त दुर्बीणवाल्याला ठाऊक. आजवर सून त्या आवाजासाठी जीव कानात आणून पडून राहायची.

“लागली,” सासूबाई म्हणाल्या.

सुनेने रायफल मोकळी करून खाली ठेवली, उठली आणि त्यांच्या गळ्यात पडली. पाटीचा आवाज त्यानंतर आला.