गॅलरीतला समुद्र

समुद्राचं पाणी जहाजाचा पत्रा कुरतडतं. मग त्या पत्र्यात ताकद किती उरते, हा स्पृहाच्या पीएचडीचा विषय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत दुरुस्ती निघाली, म्हणून मिठाच्या पाण्याचा टब आणि त्यातल्या सहा पोलादी पट्ट्या पावसाळ्यापासून पुण्यातल्या धायरीच्या घरी गॅलरीत गंजत पडल्या होत्या. "आम्ही पाण्याला टँकर मागवतो आणि गॅलरीत समुद्र पाळतो," असं तिच्या सासूबाई, वासंतीताई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

दिवाळीच्या तोंडावर स्पृहा आणि तिचा नवरा सलिल मंडईतून परतले, तर टब पालथा घातलेला आणि पट्ट्या उन्हात चकचकत असलेल्या.

"चिंच लावून घासल्या," वासंतीताई म्हणाल्या. "सणाला घरात गंज ठेवायचा का?"

सलिल चहा टाकायला आत गेला. असल्या वेळी तो स्वयंपाकघरातच सापडतो.

स्पृहाने एक पट्टी उजेडात धरली. गंज एरवीही काढायचाच होता. त्याखाली काय उरलं ते महत्त्वाचं. पण चिंच आंबट. तिनेही थोडं लोखंड खाल्लं असेल, तर समुद्राने किती खाल्लं आणि चिंचेने किती, हे आता कसं सांगणार? चार महिने पाण्यात गेले होते.

मग तिने पट्ट्या मोजल्या. सात. सातवी तिने पाण्यात घातलीच नव्हती. तुलनेसाठी कोरी, पिशवीत गुंडाळून ठेवली होती.

"आई, ही पिशवीतलीसुद्धा घासलीत?"

"मग? तिनं काय पाप केलं होतं?"

"बाकीच्यांइतकीच?"

"मी पक्षपात करत नाही. सलिललाही तसंच घासायचे."

स्पृहाला हसू आवरेना. कोऱ्या पट्टीला समुद्र माहीतच नव्हता. तिचं जे वजन घटलं असेल, ते निव्वळ चिंचेचं. तेवढं बाकीच्यांतून वजा केलं, की झालं. वजन केलं तेव्हा चिंचेने जेमतेम चव घेतल्याचं दिसलं.

दिवाळीनंतर यंत्रात ओढून पाहिल्यावर, पाण्यातल्या सहांपैकी वजनात सगळ्यांत कमी घटलेली पट्टीच सगळ्यांत कमी ताणाला तुटली. तिच्यावर गंजाचे खड्डे मोजकेच होते, पण खोल. रात्री जेवताना स्पृहाने हे नवल सांगितलं.

वासंतीताईंनी तिच्या ताटात आमटी वाढली. "त्यात नवल कसलं? कमी आणि खोल. आम्ही पुण्यात तसंच तर बोलतो."