खंडेनवमीचा कॉम्प्युटर

भंगारात द्या, म्हणाला तो. लातूरचा दुकानदार, काउंटरवर कोपर टेकून, दामिनीकडं न बघता. कॉम्प्युटरच्या आठ वर्षांच्या डब्यात नवा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड घालायचं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला शर्यतीला जुंपायचं. नवाच घ्या. आणि पुढच्या खेपेला घरातल्या जाणत्या माणसाला घेऊन या, समजावून सांगतो.

बाई दुकानात शिरली की हिला काय कळतं, हे आधीच ठरवून बसलेल्यांना कोपरापासून नमस्कार. दामिनी दातओठ खात उदगीरच्या बसमध्ये बसली.

ही दामिनी घरांची चित्रं करते. घर बांधायच्या आधी ते समोरून कसं दिसेल, ते कॉम्प्युटरवर. खांब, गॅलरी, उन्हाची तिरीप, सगळं. मोबाइलवर बघून बघून शिकली. पण एक चित्र पुरं व्हायला आठ तास लागायचे, आणि घरं बांधायची कंत्राटं घेणारा गुत्तेदार विरूपाक्ष वैतागला होता. दसऱ्याच्या सकाळी मालकाला घर दाखवायचं हाय, न्हाई जमलं तर लातूरचा एक पोरगा तयार हाय, असं त्यानं तोंडावर सांगितलं. हे काम गेलं की विरूपाक्षची पुढची सगळी घरं गेली, हे तिला न सांगता कळत होतं.

नवरा किनवटला आश्रमशाळेत मास्तर. त्यानं फोनवरून कळवलं, नांदेडला गेम खेळायचा एक अड्डा बंद पडतोय, सामान विकून राहिलेत. दामिनी गेली, घासाघीस करून कार्ड आणलं, प्रोसेसरही आणला. प्रोसेसर तगडा, पण त्याची एक खोड होती. जुन्यासारखं स्वतःहून पडद्यावर काही दाखवता यायचं नाही. दाखवायचं काम सगळं कार्डाचं.

खंडेनवमीच्या सकाळी तिनं डबा उघडला. धूळ झाडली. जुना प्रोसेसर उचलला, नवा खाचेत बसवला, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी पेस्ट, वर पंखा. कार्ड दाबून बसवलं. मॉनिटरची वायर जुन्या भोकातून काढून कार्डाला लावली. बटण दाबलं आणि पडदा उजळला. ती एकटीच हसली.

तेवढ्यात सासू धोंडाबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली. विळा, कुऱ्हाड, खुरपं पुजून झालं होतं. तू ह्याच्यावर पोट भरतीस, मंग हे बी हत्यारच, असं म्हणून तिनं सुनेला डबा बंद करायला लावला. पूजेचा दिवा शांत होईस्तोवर हत्याराला हात लावायचा नाही, असा रिवाज. दामिनी स्वयंपाकाला लागली.

दिवेलागणीला तिनं बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.

तिनं कार्ड काढून लावलं. प्रोसेसर उचलला, पुसला, परत बसवला. काळाच.  आपल्याच हातानं जाळला की काय. शेवटी लातूरच्या त्या दुकानदाराचा नंबर काढला, अंगठा टेकवला, आणि तो काय बोलेल ते आधीच कानात ऐकू आलं. अंगठा उचलला. त्याच मोबाइलची बॅटरी लावून डब्याच्या पाठीमागं वाकली.

मॉनिटरच्या वायरीच्या तोंडाला कुंकवाचं बोट होतं. आणि वायर जुन्या भोकात होती.

“आत्याबाई, ही वायर तुम्ही काढली का?”

“पुसायला काढली की. पुसल्याबिगर पूजा व्हती व्हय? कोरड्या फडक्यानं पुसली, आन् समद्या वायरी व्हत्या तिथंच लावल्या. आठ वर्सं बघून राहिले मी.”

दामिनी फरशीवर बसून हसत सुटली. शाळेचं तोंड न बघितलेल्या या बाईनं सगळ्या वायरी बिनचूक जागच्या जागी लावल्या होत्या. चुकलं एवढंच, की एक जागा त्याच सकाळी बदलली होती.

वायर कार्डाला लागली. पडदा उजळला. वीस मिनिटांत घर उभं राहिलं. धोंडाबाईनं जवळ येऊन न्याहाळलं.

“पायऱ्या लई उंच हायत. म्हातारं माणूस चढंल कसं?”

कालपर्यंत अशा सूचनेची किंमत आठ तास होती. दामिनीनं पायऱ्या बसक्या केल्या, कठडा घातला. आणखी वीस मिनिटं.

दसऱ्याच्या सकाळी विरूपाक्षकडं मालक आईला घेऊन आला होता. म्हातारीनं चित्रातल्या पायऱ्यांवर बोट ठेवलं आणि पसंतीची मान डोलावली. विरूपाक्षनं तिथंच पुढच्या घराचा नकाशा काढून दामिनीच्या हातात दिला.

घरी येऊन तिनं धोंडाबाईला कॉम्प्युटरशेजारी उभं करून फोटो काढला. झेंडूचा हार, कुंकू, सगळं दिसेल असा. लातूरला पाठवला, खाली लिहिलं, ‘घरातलं जाणतं माणूस घेऊन यायला सांगितलं होतं ना. हे बघा.’

त्यानं बघितलं.  दामिनीनं मोबाइल बाजूला ठेवला आणि पुढच्या घराचा नकाशा उलगडला.