वरच्या खणातली हिरवळ

"खायचा मका भिजवून कुजवायचा आणि त्याला शेती म्हणायचं," म्हातारी म्हणाली. "आम्ही बाई मका रानात पेरत होतो. आता न्हाणीत पेरतात."

सून खिळा आणि हातोडी घेऊन पत्र्याच्या ट्रेला भोकं पाडत होती. तिनं मान वर केली नाही.

"रानात ओल असती तर तिथंच पेरला असता, आई. ढेकळांवर पेरून काय उगवणार?"

"आणि इथं काय उगवणार? साबण?"

सुनेच्या माहेरी कोंबड्या होत्या, आणि तिच्या भावानं हा उद्योग तिला शिकवला होता. मका रात्रभर भिजवायचा, ओल्या पोत्यात बांधून मोड आणायचे, मग ट्रेमध्ये पसरून सावलीत ठेवायचा आणि वरून पाणी शिंपडत राहायचं. माती नको, नांगर नको. आठवडाभरात वीतभर हिरवा चारा. मोडीत निघालेल्या दुकानातली एक लोखंडी मांडणी तिनं न्हाणीत उभी केली होती आणि तिच्या चारही खणांत ट्रे लावले होते.

घाई अशासाठी की कबरी गाय विकायला चालली होती. विहिरीनं तळ गाठला होता, बांधावर गवताची काडी नव्हती आणि विकतची वैरण दुधापेक्षा महाग पडत होती. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा म्हातारीचा मुलगा काळे हात पुसत एवढंच म्हणाला होता, "बाजाराच्या दिवशी व्यापारी येतोय. तोवर तुझ्या न्हाणीत काही हिरवं दिसलं तर गाय राहील. नाहीतर मला अडवू नका."

कबरीची आई तिला जन्म देतानाच गेली होती. म्हातारीनं त्या वासराला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ते घरात शिरून उशी चघळायचं, तर ही उशीच बदलायची, वासराला हाकलायची नाही. त्यामुळे तोंडानं टोमणे चालले असले तरी पोटात वेगळंच होतं. सुनेचा मका उगवला नाही तर आपण व्यापाऱ्यासमोर दावं सोडून द्यायचं कसं, या विचारानं तिला घास गिळवत नव्हता. पण सुनेला तसं सांगितलं तर सासूपणाचं काय राहिलं?

म्हणून तिनं गुपचूप हातभार लावायचं ठरवलं.

सून पाण्याला गेली की म्हातारी न्हाणीत शिरायची. धान्य पसरलेलं दिसलं आणि त्यातून हात फिरवला नाही, असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. दाण्यांत बोटं घातली तर ते कोमट लागले. "उबारा धरलाय," ती पुटपुटली. "पोरीला एवढंही कळत नाही. असंच ठेवलं तर वास मारेल." मग तिनं खालचं वर, वरचं खाली असं छान ढवळलं आणि कुणाला कळू नये म्हणून तळहातानं सारखं केलं. सकाळी एकदा, दुपारी एकदा. सगळ्यात वरच्या खणापर्यंत मात्र तिचा हात जाईना. चवड्यांवर उभं राहून पाहिलं, कंबर कुरकुरली. "गेला तेवढा वाया," असं म्हणून तिनं त्याचा नाद सोडला.

दोनचार दिवसांत सून हैराण झाली. कोंब यायचे आणि मोडून पडायचे. मुळं धरायचीच नाहीत. तिनं आधी घरच्या कोंबड्यांवर आळ घेतला आणि दाराला फळी लावली. मग उंदरांचा पिंजरा आणला. मग नवऱ्याला विचारलं, "तुम्ही ग्रीसचे हात तिथं धुता का?"

"मी तिकडं फिरकतसुद्धा नाही," तो म्हणाला.

"उंदीरच असणार," म्हातारी म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी तिनं जास्तच मन लावून ढवळलं.

बाजाराच्या आदल्या दिवशी न्हाणीत नाक धरून उभं राहावं लागत होतं. मक्यावर पांढरी बुरशी चढली होती. सून उंबऱ्यावर बसली. तिचे डोळे भरले होते.

"चुकलं माझं काहीतरी," ती म्हणाली. "न्या म्हणावं गाय."

तिनं एकेक ट्रे उकिरड्यावर रिकामा केला. वरचा काढायला स्टुलावर चढली आणि तिथंच थांबली. मग तो ट्रे छातीशी धरून खाली उतरली. त्यात हिरवागार चारा ताठ उभा होता. कड धरून उचलला तर सतरंजीसारखा अख्खा उचलला गेला, खाली पांढऱ्या मुळांची घट्ट वीण.

"सगळ्यांना एकच मका, एकच पाणी. मग हा एकटाच असा कसा आला?"

म्हातारीनं वरच्या खणाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. त्या रात्री ती जेवली नाही, पोट बिघडलंय म्हणाली.

सकाळी व्यापारी आला. कबरीच्या पाठीवर थाप मारून त्यानं दावं हातात घेतलं. सुनेनं ती हिरवी सतरंजी गाईपुढं टाकली. कबरीनं एकदा हुंगलं आणि मुळांसकट ओढायला सुरुवात केली. खाली सांडलेल्या दाण्यांवर कोंबड्या तुटून पडल्या.

"खातेय झकास," व्यापारी हसला. "पण एका ट्रेवर गाय जगते होय?"

सुनेनं मान खाली घातली. मग म्हातारी पुढं आली आणि तिनं व्यापाऱ्याच्या हातातून दावं काढून घेतलं.

"चारही ट्रे असेच आले असते," ती म्हणाली. "मी नासवले. वाळवणासारखे रोज ढवळत होते, सुनेच्या माघारी. वरचा माझ्या हाताला लागला नाही म्हणून वाचला. हिची काही चूक नाही."

सून बघतच राहिली. मुलाला आधी राग आला, मग त्याच्या मिशीतून हसू फुटलं.

"उंदीर सापडला म्हणायचा," तो म्हणाला. "जा बाबा तू, चहा घेऊन जा. गाय राहू दे."

दुसऱ्या दिवशी न्हाणीतली मांडणी बदलली होती. मुलानं मांडणीच्या पायांखाली विटा रचल्या होत्या, आणि मक्याचे सगळे ट्रे म्हातारीच्या हाताच्या वर गेले होते. खालच्या खणात फक्त एक ट्रे होता. त्यात कोंबड्यांचा सुका गहू पसरला होता.

"हा तुमचा, आई," सून म्हणाली. "हात शिवशिवले की हा ढवळत जा. वाटेल तेवढा."

"मला काही हौस नाही," म्हातारी फणकारली आणि दुपारभर तिकडं फिरकली नाही.

संध्याकाळी सून धार काढायला बसली, तेव्हा न्हाणीतून गहू खळखळत असल्याचा आवाज येत होता.

"वरच्याला शिवले नाही गं," आतून म्हातारी ओरडली.