सुटी बघून येणारा बिघाड

"ताई, ऐकू येतंय का गं? नुसतं हो म्हण."

सात वर्षांपूर्वीचा हा आवाज. धाकट्या बहिणीचा. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढून, एका हातानं शिडी धरून मारलेली हाक. त्या खोलगट वस्तीत रेंज यायची ती तेवढ्या टाकीवर. त्याच दुपारी ती तिथून खाली पडली. पाय घसरला, असं सासरी सांगितलं. नवरा शाळेत होता, असंही सांगितलं. आणि शेवटचा फोन जिला लागला होता, त्या थोरलीनं जबाब दिला, "आवाज तुटत होता. काही ऐकू आलं नाही." झालं, कागद मिटला.

थोरलीनं मग शिवणयंत्र विकलं. आडगावांत बिनतारी इंटरनेट जोडून देणाऱ्या एका लहानशा कंपनीत तिनं शिडी खांद्यावर घेतली. उन्हानं रापली, हाताला घट्टे पडले, लोक तिला बिनतारवाली म्हणू लागले. "तारच नाही, मग तुला काम काय?" असं कुणी चिडवलं की ती म्हणायची, "तार तुटली तर दिसते हो. हवेत काय तुटलंय ते शोधायला मी लागते."

त्या शनिवारी ऑफिसच्या पडद्यावर एक घर लाल दिसत होतं. तक्रार कुणाचीच नव्हती. पण टेकडीवरचा टॉवर फार धूर्त असतो. कुठल्या घराच्या छपरावरची, लहरी पकडणारी तबकडी कधी विझली नि कधी पेटली, सगळं मनात ठेवतो. हे घर आठ महिने रोज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी विझत होतं, संध्याकाळी पाच चाळीसला पेटत होतं. शनिवारी साडेबारालाच. रविवारी बिघाड नाही.

"झाड वाढलं असेल मधे," ऑफिसातला म्हणाला.

"सुटी बघून आडवं येणारं झाड अजून पाहिलं नाही मी," ती म्हणाली. मग तिनं ग्राहकाचं नाव वाचलं, धाकटीच्या नवऱ्याचं, आता शाळेचा हेडसर झालेल्याचं, आणि काम स्वतःच्या अंगावर घेतलं. सूड कसा घ्यायचा ते ठरलं नव्हतं. घ्यायचा, एवढंच सात वर्षांपूर्वी ठरलं होतं.

दार उघडलं ते कोवळ्या वयाच्या एका बाईनं. हेडसरांची दुसरी बायको.

"हे शाळेत गेलेत. नंतर या."

"छपरावरचं काम आहे वहिनी, माणूस नाही लागत."

गच्चीवर टाकी तीच होती. बिनतारवालीनं तिच्याकडे पाठ केली आणि तबकडी तपासली. खांब घट्ट, तोंड थेट टॉवरकडे, मधे एक फांदीही नाही. केबल धरून ती खाली आली. कपाटावर रिकामी जागा होती. जिथून तबकडीला वीज मिळते तो डबाच तिथं नव्हता. धुळीत त्याची चौकोनी खूण तेवढी होती.

"डबा कुठंय?"

"हे बरोबर नेतात. पिशवीतून. वीजबीज पडली तर जळेल म्हणून."

"आठ महिने रोज वीज पडतेय? आणि रविवारी देवाला सुटी?"

वहिनी हसली, आणि हसता हसताच सांगू लागली. इथं दुसरी रेंज नाही, आणि टाकीची शिडी ह्यांनी काढून टाकलीय. फोन चालतो तो या डब्यावर, आणि संध्याकाळी डबा परत आला की समोर हे बसलेले असतात. "म्हणतात, तुला वळण लावायचंय. पहिलीला लागलंच नाही म्हणे." ती बाहीवर बोटं दाबत राहिली. बाही खाली ओढलेली होती, उकाडा असूनही.

वळण! किती गोड शब्द आपल्या भाषेत. अक्षराला लावतात, वेलीला लावतात, आणि घरात आलेल्या लेकीला लावताना तिचा श्वास कोंडतात. शेजारी ऐकतात, पाहुणे पाहतात, सगळे म्हणतात, लागेल हळूहळू.

बिनतारवालीनं पिशवीतून नवा डबा काढून जोडला. हिरवे दिवे एकामागोमाग एक पेटले.

"कुणाला बोलायचंय?"

"दादाला. मला घेऊन जा म्हणून."

ती फोनवर बोलू लागली. आधी हळू, मग धाप लागल्यासारखी. पलीकडून भावाचा आवाज आला, "सांभाळून घे गं थोडं... हॅलो? तुझा आवाज तुटतोय. नंतर बोलू." आणि फोन ठेवला.

"लाइनच खराब आहे ताई," वहिनी म्हणाली, जणू चूक तिचीच.

बिनतारवालीच्या हातात तपासणीचा पडदा होता. लाइन पाण्यासारखी स्वच्छ होती. एक थेंब गळाला नव्हता. तिचा चेहरा असा काही उतरला की वहिनीनं तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

"दोन कपडे भर," ती एवढंच म्हणाली. "भाऊ नसला तरी माझी गाडी आहे."

मग ती ओट्यावर बसून कामाचा अहवाल लिहू लागली. आजवर अशा कितीतरी घरी तिनं 'दोष आढळला नाही' असं लिहून टाकलं होतं. आज तिनं खाली कार्बन ठेवला आणि ठळक लिहिलं: यंत्र निर्दोष आहे. मी कामावर जाताना विजेचा डबा काढून सोबत नेतो, कारण माझ्या गैरहजेरीत पत्नीनं कुणाशी बोलू नये. आठ महिने हे चालू आहे. वरील मजकूर मला मान्य.

साडेबाराला हेडसर आले. दिवसभर हजेरीपट, दाखले, रजेचे अर्ज यांवर सह्या करणारा माणूस. टोपीखालच्या बाईकडे त्यांनी पाहिलंही नाही. कामवाल्यांकडे ते पाहत नसत.

"कुणी बोलावलं तुम्हाला?"

"तपासणी असते सर. सही द्या, की निघाले."

त्यांनी कागद घेतला. क्षणभर निरखला.

"अक्षराला वळण चांगलं आहे," हेडसर म्हणाले, आणि झोकात सही ठोकली. खाली तारीख. खाली हुद्दासुद्धा.

तिनं पिवळी प्रत फाडली आणि आतून पिशवी घेऊन आलेल्या वहिनीच्या हातात दिली. "जपून ठेव. ठाण्यात लागेल." मग टोपी काढली. "सर, आता मजकूर पण वाचा. आणि माझं तोंडही."

त्यांनी वाचलं. पाहिलं. ओठ पांढरे पडले, पण मुख्याध्यापकी आवाज शाबूत होता.

"अच्छा, तू! सूड उगवायला आलीस?"

"हो."

"एका कागदानं? डबा नेला म्हणून फाशी देतात?" ते बायकोकडे वळले. "आत हो. ही बाई डोक्यावर परिणाम झालेली आहे. पहिली पडली तेव्हा मी शाळेत होतो. हजेरीपटावर माझी सही आहे. आणि हिचा स्वतःचा जबाब आहे, काही ऐकू आलं नाही म्हणून. विचार हिला!"

वहिनी उंबऱ्यात थांबली. एक पाय आत, एक बाहेर. "ताई? खरं आहे?"

बिनतारवालीला कळलं की त्याचं सगळ्यात भक्कम कुलूप तिनंच घडवून दिलं होतं. ते फोडायचं तर आधी आपल्या हातावर घाव घालावा लागणार. सात वर्षं ती ज्या गुन्ह्याच्या मागे लागली होती, त्यात अर्धा वाटा तिचा स्वतःचा होता.

"जबाब खोटा आहे," ती म्हणाली. "घरी पाहुणे होते. रोजचं रडगाणं नको, म्हणून मी म्हटलं, आवाज तुटतोय, नंतर बोल. तुझा भाऊ म्हणाला ना, तस्सं. लाइन तेव्हाही स्वच्छ होती, पोरी. ती म्हणाली, हे शाळेतून परत आलेत, वर चढतायत. मला शिडीवरची पावलं ऐकू आली. ह्याचा आवाज ऐकू आला. 'थांब, तुला वळण लावतो,' असं म्हणाला हा. आणि मग मी फोन ठेवला."