पेटीची किल्ली

"गळ्यात असेल ते सगळं काढा, मावशी," एक्स-रे काढणारी रुचिका म्हणाली. देवकाबाईंनी डोरलं काढलं, पण सून चेतनाच्या हाती न देता स्वतःच्या पदराला बांधलं. काळ्या दोऱ्यातली पेटीची किल्ली मात्र त्यांनी हळूच पाठीवर सरकवली. ती त्या आंघोळीलाही काढत नसत. फोटो छातीचा निघणार, पाठीकडे कोण बघतं?

दवनीवाड्याच्या शाळेत क्षयरोग तपासणीचं शिबिर होतं. दोन महिने देवकाबाईंना बारीक ताप येत होता. कापणीचा शीण आहे, असं त्या म्हणत. चेतना तपासणीसाठी मागेच लागली, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली. सासूला रोगी ठरवलं की चूल हिची, पेटी हिची आणि सहा महिन्यांची नात टीनाही हिचीच. सून मायेनं म्हणत असेल, हे त्यांना पटणं शक्यच नव्हतं. दुकानातलं मीठसुद्धा त्या चाखून घेत.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी लॅपटॉपवर फोटो दाखवला. उजव्या फुफ्फुसात डाग दिसतोय, थुंकी तपासू, निकाल येईपर्यंत बाळाला जवळ घेऊ नका, असं त्यांनी समजावलं. देवकाबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग रुचिकाकडे. दोघी मघाशी काहीतरी कुजबुजत होत्या, ते त्यांनी बरोबर हेरलं होतं.

"हा फोटो माहा नाई," त्या म्हणाल्या. "माह्या पुढं लाइनीत कवडू होता. तो दिवसभर खोकलून रायते. त्याचा फोटो मले काऊन दाखवून रायले?"

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी फोटो मोठा केला. "मग ही किल्ली कवडूची आहे का?"

बरगड्यांच्या मधोमध पांढरी किल्ली होती, एक दात तुटलेली. त्यांच्या मुलानं, ओमेशनं, लहानपणी गुळासाठी पेटी उघडताना तो तोडला होता. देवकाबाईंचा हात आपोआप मानेमागे गेला. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त सुनेसमोर लाज वाटली. चेतनानं फक्त त्यांची चप्पल सरळ करून ठेवली.

घरी ओमेशच्या कडेवरून टीनानं आजीकडे झेप घेतली. देवकाबाई अंगणातच थांबल्या. दोरा मानेतून काढून त्यांनी किल्ली उंबऱ्यावर ठेवली.

"पेटीत पोरीचे चांदीचे वाळे हायेत. माह्या हातानं घालीन म्हनलं होतं. तू घाल."

चेतना टीनाला घेऊन आत गेली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. देवकाबाई तोंडाला पदर लावून तुळशीपाशी उभ्या राहिल्या, आणि दोन्ही वाळे वाजले की नाही, ते कान देऊन ऐकू लागल्या.